सहीची शेपटी

भिंगकाकांनी नोकरीत एकदाच कुणाला ठणकावून 'नाही' म्हटलं, आणि तेही कागदांच्या पोत्यावर बसून.

एरवी त्यांच्या तोंडून 'नाही' निघणं कठीणच. छत्तीस वर्षं ते बँकेच्या त्या एकाच शाखेत सह्या तपासत होते. चेकवरची, अर्जावरची, लॉकरच्या वहीतली सही खातेदाराच्या मूळ सहीशी जुळते का ते पाहायचं आणि जुळली की कोपऱ्यात हिरव्या शाईची बारीक खूण करायची, एवढंच त्यांचं काम. नाही जुळली तरी 'जुळत नाही' असं ते कुणाला सांगत नसत. जागेवरून उठायचे, काउंटरपाशी जायचे, खिशातलं पेन पुढे करायचे आणि म्हणायचे, "आमच्या ह्या पेनाने करून बघता का? तुमचं पेन आज जरा रुसलेलं दिसतंय." दोष पेनावर जायचा, माणूस हसायचा, आणि दुसरी सही बहुतेक बरोबर यायची. कुणी लबाड असलाच तर ते पुढे आलेलं पेन पाहून त्याला अचानक बाहेरचं काम आठवायचं. काका त्यालाही दार उघडून द्यायचे.

भिंगकाका हे नाव त्यांना पडलं ते टेबलावरच्या भिंगामुळे. डोळ्याच्या खोबणीत बसवायचं, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं ते भिंग होतं, आणि होतंही घड्याळजींचंच. बँकेसमोर त्यांचं चार हात रुंदीचं दुकान होतं. काका नोकरीला लागले त्या महिन्यात घड्याळजी काही कामाला बँकेत आले, तर हा बावीस वर्षांचा मुलगा एक चेक नाकाला लावून डोळे चोळतोय. "अरे पोरा, असं वाचत राहिलास तर चाळिशीत काठी घ्यावी लागेल," असं म्हणून ते दुकानात गेले आणि भिंग घेऊन परत आले. "हे घे. मला दुसरं आहे." तेव्हापासून सगळे त्यांना भिंग्या म्हणू लागले. पुढे केस पिकले तसा भिंग्याचा भिंगकाका झाला. घड्याळजी तेवढे भिंग्यावरच थांबले.

सह्यांची कार्डं लाकडी खणांत असायची. माणसागणिक एक कार्ड, कार्डावर एक सही. पण काका लागल्यावर चार-पाच वर्षांनी एक गोष्ट घडली. शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या अंगठ्यात मशीनची सुई गेली, अंगठा कायमचा आखडला आणि सही पार बदलली. नियमाप्रमाणे नवा अर्ज, दोन साक्षीदार, फोटो आणि आठ दिवस लागणार होते. बाईंना त्याच दिवशी कापड आणायचं होतं. काकांनी कागदाची एक पट्टी कापली, बाईंची नवी सही घेतली, खाली तारीख घातली, बाजूला बारीक अक्षरात 'अंगठा' असं लिहिलं आणि ती पट्टी डिंकाने कार्डाच्या खालच्या कडेला चिकटवून टाकली.

मग ती सवयच झाली. कुणाला चष्मा लागला, कुणी आजारातून उठलं, कुणाचा हात वयाने थरथरायला लागला, की एक पट्टी. काही कार्डांना पाच-पाच, सहा-सहा पट्ट्या लागल्या. त्या पंख्यासारख्या दुमडून खणात ठेवाव्या लागत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी असलं एक कार्ड चिमटीत धरून वर उचललं, तर ते उलगडत थेट जमिनीला टेकलं.

"ह्याला काय म्हणायचं?" साहेबांनी विचारलं.

काका घाबरून खरं ते बोलून गेले. "शेपटी म्हणतो साहेब आम्ही."

साहेब हसले नाहीत. त्यांनी शेरा लिहिला. तेव्हाच्या मॅनेजरने मात्र काकांना गाठून सांगितलं, "अहो, कल्पना चांगली आहे. मुख्य कार्यालयाला कळवा." काकांनी अकरा कागद फाडून बारावा पाठवला. तीन वर्षांनी उत्तर आलं, 'आपली सूचना विचाराधीन आहे.' ती बहुधा अजूनही असेल. काकांनी ते पत्र जपून ठेवलं, कारण मुख्य कार्यालयाने त्यांना लिहिलेलं ते एकुलतं एक पत्र होतं.

असं सगळं चाललेलं असताना बँक डिजिटल व्हायला निघाली.

आधी भिंतींवर नवे फलक आले, 'नवं सुचवा, पुढे चला' असे. मग एक-एक करून वह्या गेल्या. मग परिपत्रक आलं की यापुढे सह्या मशीन जुळवेल. सगळी कार्डं स्कॅन करायची, प्रत्येक खातेदाराची शेवटची, म्हणजे सर्वांत अलीकडची सही तेवढी मशीनमध्ये भरायची, आणि मग मूळ कार्डं नष्ट करायची. काकांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. मॅनेजर साहेबांनी, हे नवे साहेब काकांपेक्षा वीस वर्षांनी लहान होते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, सह्या तुमच्या. स्कॅनिंग तुम्हीच करा."

परिपत्रक अगदी साफ होतं. 'शेवटची सही' हे दोन शब्द ठळक छापलेले होते. काकांनी ते वाचले होते, भिंग लावून वाचले होते. त्यामुळे पुढे जे झालं ते न कळून झालं असं म्हणायची सोय नाही.

पहिल्याच दिवशी घड्याळजींचं कार्ड हातात आलं. सहा पट्ट्यांची शेपटी. सगळ्यांत खालची सही गेल्या वर्षीची. शाईत पडलेली मुंगी जीव वाचवायला कशीबशी चालत गेली असावी तशी. आणि सगळ्यांत वर, मूळ कार्डावर, चाळिशीतल्या घड्याळजींची सही. केसासारखी बारीक रेघ, एका दमात घेतलेलं वळण आणि खाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखा एक फटकारा. काका बराच वेळ पाहत बसले. ही सही आता कायमची मशीनमध्ये जाणार. घरात कुणाचा फोटो भिंतीवर कायमचा लावायचा झाला तर कुणी आजारपणातला निवडतं का? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वरची सही स्कॅन केली.

एकदा केल्यावर दुसऱ्यांना काय म्हणून वगळायचं? शिवणकामाच्या बाईंची अंगठा शाबूत असतानाची घेतली. एका निवृत्त ड्रायव्हरची, डोळे चांगले असतानाची. ज्यांना शेपट्या होत्या अशा नऊशे बारा माणसांची, प्रत्येकाची सर्वांत देखणी सही त्यांनी निवडून-निवडून मशीनमध्ये ठेवली. काही ठिकाणी दोन सह्या तोडीस तोड होत्या. तिथे निवड करताना डबा खायचंही भान राहिलं नाही. आणि तरीही, किंवा त्या आनंदामुळेच असेल, त्यांचं काम साऱ्या शाखांमध्ये सर्वांत आधी पुरं झालं. शाखेला फिरती ढाल मिळाली. ढालीखाली काकांचा फोटो लागला, 'आमचे डिजिटल हीरो'.

फोटोची बातमी ऐकून काकू म्हणाल्या, "टीव्हीचा रिमोट उलटा धरणारा हीरो! लोकांना तेही सांगितलंत का?" पण शेजारच्या तीन घरी ती बातमी त्यांनीच पोचवली.

नवं मशीन सुरू झालं एक तारखेला. आणि दर महिन्याच्या एक तारखेला घड्याळजी यायचे.

त्यांचं दुकान बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. पण लोकांनी दुरुस्तीला टाकलेली आणि पुन्हा न्यायला न आलेली अकरा घड्याळं त्यांच्याजवळ राहिली होती. ती त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती, आणि महिन्यातून एकदा येऊन ते त्या अकराही घड्याळांना चावी देत. घड्याळ पडून राहिलं की आतलं तेल घट्ट होतं, असं ते सांगायचे. कुणी विचारलं, "घेऊन जायला कोण येणार आहे आता?" तर म्हणायचे, "माणूस आला नाही म्हणून घड्याळाने का मरायचं?"

त्या दिवशी लॉकरच्या वहीऐवजी त्यांच्यापुढे काचेची एक पाटी ठेवली गेली. घड्याळजींनी प्लॅस्टिकची काडी धरून सही केली. पाटी लाल झाली. 'सही जुळत नाही.' पुन्हा केली. लाल. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास रोखून, जीभ दातांत धरून केली, आणि पाटी बंदच पडली. तीनदा चुकलं की लॉकर गोठणार, असा नियम होता. पूर्वी अशा वेळी मॅनेजरने मान हलवली की भागायचं. आता मान हलवायची सोयच ठेवलेली नव्हती.

"काय म्हणतोय हा काचेचा तुकडा?" घड्याळजींनी विचारलं. "मी तो नाहीच?"

"तसं नाही हो आजोबा," मॅनेजर साहेब गडबडले. "सिस्टीम नवी आहे. अर्ज देऊ. आठ-दहा दिवसांत होईल."

"दहा दिवसांत माझ्या निम्म्या घड्याळांतलं तेल घट्ट होईल." घड्याळजी वळले. "भिंग्या! तू सांग बरं ह्यांना, ही सही माझी की नाही?"

काकांनी मान खाली घातली होती. सही घड्याळजींचीच होती, चूक काकांची होती, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकत्र त्या खोलीत एकट्या काकांनाच ठाऊक होत्या. "काच... काच आज जरा रुसलेली दिसते," ते पुटपुटले.

"अरे, पेन रुसलं तर तू दुसरं द्यायचास. आता काय देणार आहेस?" असं म्हणून घड्याळजी काठी टेकत निघून गेले. काकांनी दार धरायची त्यांनी वाट पाहिली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग एकामागून एक तेच. शिवणकामाच्या बाई, ड्रायव्हर, सगळी पिकली पानं. मुख्य कार्यालयाच्या पडद्यावर ह्या शाखेपुढे लाल ठिपक्यांची रांग लागली. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी तिकडून इंजिनीअर बाई आल्या. तिशीच्या असतील, पाठीवर पिशवी, बोलणं भराभर. मशीनला सह्या ओळखायला शिकवणाऱ्या गटात त्या होत्या.

"काका, स्कॅनिंग तुम्हीच केलंत ना? ह्या शाखेत वयस्कर लोकांच्या सह्याच तेवढ्या का अडतात, कळत नाही. स्कॅनरची काच खराब असणार."

त्यांनी काच पुसली. मग काच बदलली. मग वायर बदलली. मंगळवारी सबंध दिवस त्या टेबलाखाली पालथ्या पडून कसलेसे आकडे मोजत होत्या, आणि काका शेजारी उभं राहून त्यांना टॉर्च धरत होते. सांगावंसं दहादा वाटलं. एकदा तर "मॅडम" असं म्हणालेसुद्धा. बाईंनी टेबलाखालून मान काढून "काय?" विचारलं, तर म्हणाले, "चहा घेणार?"

खरी धास्ती वेगळीच होती. कार्डं पोत्यांत भरून मागच्या खोलीत ठेवलेली होती आणि बाकीच्या शाखा उरकून शुक्रवारी कागद फाडायची गाडी येणार होती. पोती गेली की शेपट्या गेल्या. मग त्या नऊशे बारा माणसांची खरी, आजची सही कुठेच उरणार नव्हती. प्रत्येकाला नवा अर्ज, साक्षीदार, फोटो. आणि त्यातले कितीतरी आता घराबाहेर पडण्यासारखेही नव्हते.

संध्याकाळी काकूंनी आमटीचं भांडं पुढे सरकवलं. "दोन आठवडे झाले, तुम्ही जेवताय पण चावत नाही. काय गिळून बसलायत?"

काकांनी सांगितलं. काकू शाळेत शिक्षिका होत्या. कबुलीजबाब पुरा होईपर्यंत मध्ये न बोलण्याची त्यांना सवय होती.

"मग बोलून टाका."

"ढाल जाईल अगं."

"ढाल घेऊन कुठे लढाईला जायचंय तुम्हाला?"

"साहेबांनी फोटो लावलाय. लोक म्हणतील, जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या, आणि शेवटी ह्यानेच घोळ घातला."

"म्हणू देत की. खरंच आहे ते." मग काकूंचा आवाज जरा खाली आला. "अहो, तुम्ही त्यांना चांगलं दिसावं म्हणून केलंत. पण माणूस बँकेत फोटो काढायला जातो का? कामाला जातो."

"गुरुवारी सांगतो," काका म्हणाले. "गाडी शुक्रवारी आहे."

गाडी बुधवारीच आली. त्यांचं जवळच दुसरं काम होतं, म्हणून एकाच फेरीत उरकावं असा त्यांचा विचार. दुपारी काका डबा धुऊन परत येत होते तेवढ्यात शिपाई समोरून आला. "काका, तुमची पोती निघाली बरं का. सुटलात एकदाचे."

काका धावले. त्यांना धावताना शाखेत कुणी पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीत दोन हमाल होते. एक पोतं दाराशी नेलेलं, दुसऱ्याला हात घातलेला. मॅनेजर साहेब दारात उभे राहून पावतीवर सही करत होते. काका सरळ जाऊन दाराशी ठेवलेल्या पोत्यावर बसले.

"काका, उठा. पाठीत उसण भरली का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग उठा ना. ह्यांना उशीर होतोय."

"नाही," काका म्हणाले. आणि मग मोठ्याने, खोलीला ऐकू जाईल असं, "नाही! मी उठणार नाही!"

आवाज ऐकून इंजिनीअर बाई स्कॅनरच्या टेबलाखालून निघून तिथे आल्या. हमाल एकमेकांकडे पाहू लागले. काकांच्या हातातला डबा अजून निथळत होता.

"काच चांगली आहे मॅडम," ते म्हणाले. "वायरही चांगली आहे. चूक मी केली. शेवटची सही भरायची होती. मी... मी त्यातल्या त्यात चांगली दिसणारी भरली."

"चांगली दिसणारी म्हणजे?"

"सुंदर. ते धट्टेकट्टे असतानाची."

मॅनेजर साहेबांचं तोंड उघडं राहिलं होतं, आणि पेन पावतीवर तसंच टेकून राहिल्यामुळे तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. "सगळ्यांची?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"शेपटीवाल्यांची. नऊशे बारा. बाकीच्यांना एकच सही होती."

"शेपटी?" बाई म्हणाल्या.

काका पोत्यावरून उठले नाहीत. बसल्या-बसल्याच मागे हात घालून त्यांनी पोत्याची सुतळी सोडली, आत चाचपलं आणि एक कार्ड काढून बाईंच्या हातात दिलं. ते उलगडत बाईंच्या गुडघ्यापर्यंत आलं. घड्याळजींचं होतं.

बाई ते वरून खाली वाचत गेल्या. मग खालून वर. "प्रत्येक पट्टीवर तारीख आहे?"

"हो. आणि कारण. डोळे, पडणं, मनगट. तिसरी पट्टी आहे ना, ती बायको गेल्यानंतरची. त्या वर्षी खालचा फटकारा गेला तो पुन्हा आला नाही."

"आणि अशी नऊशे आहेत?"

"नऊशे बारा."

बाई खाली बसल्या. फरशीवरच. "काका, आमच्या ऑफिसात एक काचेची खोली आहे. लोकांना नवं काही सुचावं म्हणून मुद्दाम बांधलेली. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावायच्या आणि विचार करायचा. वर्षभर आम्ही तिथे बसलो. खोटी सही कशी ओळखायची ते मशीनला शिकवलं. पण खरी सहीसुद्धा बदलते, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. सगळे तिशीतले ना! कुणाचा हात अजून हललाच नाही."

"म्हणजे काकांची चूक नाही?" मॅनेजर साहेबांना आशा वाटली.

"चूक आहेच की. मी तीन दिवस धूळ खाल्ली त्यांच्यापायी." बाई काकांकडे वळल्या. त्या रागावल्या होत्या, पण कार्ड मात्र त्यांनी दोन्ही हातांत नीट धरलं होतं. "पण बाकीच्या शाखांनी परिपत्रक पाळलं, शेवटची सही भरली आणि कार्डं फाडून टाकली. तिथे आज मशीन बरोबर चालतंय. चार-पाच वर्षांनी तिथल्या लोकांचेही हात बदलतील, तेव्हा तिथेही लाल दिवे लागणार. हात कसा बदलतो ते मशीनला दाखवायला आपल्याकडे आता एवढीच पोती उरलीत. ह्यातलं एकही हलवायचं नाही."

"आणि ढाल?" साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"ती परत द्यावी लागेल साहेब."

"आम्ही काय न्यायचं मग?" एका हमालाने विचारलं. "रिकामी गाडी नेली तर मुकादम ओरडेल." शेवटी शिपायाने त्यांना जुन्या परिपत्रकांचे गठ्ठे काढून दिले.

घड्याळजींची शेवटची सही बाईंनी वरून परवानगी काढून त्याच दुपारी मशीनमध्ये घातली. त्यांना घरून आणायला काका स्वतः गेले आणि वाटेत सगळं सांगून टाकलं. घड्याळजी काठी टेकत पुढे चालत राहिले. काचेवर काडीने सही केली, पाटी हिरवी झाली, लॉकर उघडला. अकरापैकी सात घड्याळांची चावी जड झाली होती. त्यांनी एकेकाला कानाशी धरून चावी दिली. काका शेजारी उभे होते.

शेवटचं घड्याळ ठेवून झाल्यावर ते म्हणाले, "माझी पहिली सही निवडलीस?"

"फार सुंदर होती हो."

"होती." घड्याळजींनी खण आत ढकलला. "पण तिच्या मालकाला आता मीही ओळखत नाही. आरशात बघितला तर नमस्कार करून जागा देईन त्याला. मला घड्याळांना चावी द्यायचीय, भिंग्या. देखणा दिसून काय करू?" मग त्यांनी काकांच्या पाठीत काठीचं टोक हलकेच टोचलं. "चल, दार धर."

ढाल गेली. भिंतीवर खिळा राहिला, त्यावर साहेबांनी कॅलेंडर लावलं. काकांना ते एका शब्दानेही टाकून बोलले नाहीत. महिनाभर फक्त 'काका'ऐवजी 'आपण' म्हणाले, आणि काकांना तेच जास्त लागलं. मग तेही मावळलं.

उरलेले महिने काकांनी शेपट्या स्कॅन करण्यात घालवले, ह्या वेळी सगळ्या, मुंगीसकट. इंजिनीअर बाई दर सोमवारी यायच्या आणि प्रत्येक शेपटीपाशी विचारायच्या, "हा कशामुळे बदलला?" काका सांगायचे. एकदा त्यांनी विचारलं, "खोटी सही तुम्ही कशी ओळखायचात?" काका भिंग पुसत म्हणाले, "खोटी सही जपून काढलेली असते. खरी सही घाईत असते. तिला पुढे काम असतं." बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. काकांना इतका संकोच झाला की ते उठून चहा सांगायला गेले.

एक गोष्ट मात्र त्यांनी हट्टाने मागितली. मशीनने माणसाला 'जुळत नाही' असं म्हणायचं नाही.

"मग काय म्हणायचं?"

"दोष दुसऱ्या कशाला तरी द्यायचा. काच रुसलीय म्हणावं."

हे वाक्य समितीपुढे गेलं आणि समितीने ते फेटाळलं. बाई तीन वेळा भांडल्या. शेवटी ठरलं असं की, सही वयाने हळूहळू सरकल्यासारखी दिसली तर मशीनने खातेदाराची ओळख दुसऱ्या खुणेने पटवून घ्यायची आणि मग विचारायचं, 'हात थोडा बदललेला दिसतो. नवी सही ठेवू का?' हो म्हटलं की जुनीखाली नवी लागायची. काकांना डिंक, कात्री आणि छत्तीस वर्षं लागली होती, ते आता दीडशे शाखांत एका बोटावर होऊ लागलं. मुख्य कार्यालयाने त्याला चार अक्षरांचं इंग्रजी नाव दिलं आणि एक चकचकीत पुस्तिका काढली. काकांचं नाव तिच्यात नव्हतं. काकूंनी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा पाहिली आणि स्वयंपाकघरात डब्याखाली घातली. बाईंच्या गटात मात्र सगळे त्याला शेपटीच म्हणतात, असं त्या सांगत होत्या.

निवृत्तीच्या दिवशी काकांना खणांच्या किल्ल्या परत केल्याबद्दल काचेवर सही करायची होती. एक तारीख होती. मागे घड्याळजी उभे होते, त्यांच्या मागे शिवणकामाच्या बाई. काकांनी आपलं ओळखपत्र काचेला दाखवलं, काडी उचलली, सही केली आणि सवयीने हिरव्याची वाट पाहिली.

'हात थोडा बदललेला दिसतो,' काचेवर अक्षरं उमटली. 'नवी सही ठेवू का?'

काका बघतच राहिले. मग खिशातून भिंग काढून त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि काचेवर वाकले. अक्षरं तीच होती. नऊशे बारा माणसांचे हात त्यांनी पट्टीपट्टीने पाहिले होते, आणि स्वतःच्या कार्डाला त्यांनी एकही पट्टी लावली नव्हती. बावीस वर्षांच्या मुलाची सही तिथे एकटी होती, आणि ती, भिंगातून पाहता, खरंच बरी होती.

"काय रे, काय म्हणतोय काचेचा तुकडा?" मागून घड्याळजींनी विचारलं.

"काही नाही हो," काकांनी घाईने अंगाने काच झाकली. "जरा रुसलीय."

घड्याळजींनी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. मग ते हसायला लागले, काठी हलेपर्यंत हसले. "हो म्हण, भिंग्या," ते म्हणाले. "मागे माणसं उभी आहेत."

काकांनी भिंग खिशात टाकलं आणि 'हो'वर बोट ठेवलं.